खळ्यावरचं ऊन

माणसानं उन्हाचं कौतुक करावं तरी किती! आमचे गुरुजी सकाळी उठले की देवाला हात जोडायच्या आधी खळ्यावर जाऊन ऊन कुठवर आलंय ते बघायचे. खळं म्हणजे घरापुढची शेणानं सारवलेली जागा, भात झोडायची आणि वाळवायची. तिथं पोतं अंथरायचं, कमरेला पंचा गुंडाळायचा, उघड्या अंगाला तेल चोळायचं आणि पूर्वेकडे तोंड करून बसायचं. पुढची बाजू तापली की पाठ. तव्यावरची भाकरी परतावी तसे स्वतःला परतत बसायचे. मी घराच्या कोपऱ्याशी उभी राहून दात घासत हा सोहळा रोज बघायची.

मी निफाडकडची. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हा जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या एका आश्रमशाळेत माझी नेमणूक झाली. घरच्यांनी असं तोंड केलं, जणू पोरगी काळ्या पाण्यावर निघाली. गुरुजी त्याच शाळेत मराठी आणि भूगोल शिकवायचे आणि त्यांच्याच घराची मागची खोली मला भाड्यानं मिळाली. म्हणजे शाळेत सहकारी, घरी मालक. सुटका कुठे नाहीच.

ट्रंक आणि वळकटी घेऊन मी पहिल्यांदा अंगणात उभी राहिले तेव्हा ते असेच बसले होते. डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"बाई, गादी आधी उन्हात टाका. मग आत जा."

"अहो, मला निदान पाणी तरी विचारा!"

"पाणी वहिनी देतील. गादी टाका."

टाकली बाई गादी. करते काय! पाणी मग त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनीच, दिलं.

गुरुजी मूळचे साखरशेतचे. भात-नाचणीवाल्या घरातले, शिकून मास्तर झालेले. अंगानं काटक, आवाज खणखणीत. पण अंगभर चट्टे. मानेपासून कमरेपर्यंत फिकट तांबूस, सपाट, एकात एक मिसळलेले. मनगटांवर आणि कपाळावर बारीक बारीक चपट्या चामखिळी. कळायला लागल्यापासून आहेत म्हणायचे. सगळा गाव त्याला शिबं म्हणायचा, दवाखान्यातही शिबंच म्हणून मलम दिलं होतं. मलमानं काही झालं नाही. मग गुरुजींनी स्वतःच निदान केलं. शिबं ओलीनं येतात. आपल्याकडे चार महिने पाऊस, सगळं ओलं, भिंतींना बुरशी, कपड्यांना बुरशी, मग माणसाला नाही येणार? आणि ओलीला औषध एकच.

बरं, हे सगळं वेडेपण होतं म्हणावं तर तसंही नाही. मी गेले त्या वर्षी वसतिगृहात खरजेनं धुमाकूळ घातला होता. पोरं रात्रंदिवस खाजवायची. दवाखान्यातून औषध यायचं, लावलं जायचं, महिनाभरात पुन्हा तेच. गुरुजींनी सगळ्या पोरांची अंथरुणं, पांघरुणं, कपडे गरम पाण्यातून काढले आणि रोज मैदानावर वाळत घातले. लांबून बघणाऱ्याला वाटावं इथं बाजार भरलाय. औषध चालू होतंच, पण या वेळी खरूज गेली ती परत आली नाही. त्यानंतर गुरुजींना कोण बोलणार? सरपंचापासून स्वयंपाकीणबाईपर्यंत सगळे कशाकशावर उन्हात बसायला लागले. गुडघे दुखले, ऊन. सर्दी झाली, ऊन. नवीन शिपाई घरच्या आठवणीनं रडायला लागला तर त्यालाही गुरुजी म्हणाले, "जरा उन्हात बस."

पावसाळ्यात मात्र त्यांच्या वाटेला जायची सोय नसायची. चिडचिड नुसती. श्रावणात एकदा वर्गावर्गात शिकवणं चाललेलं, आणि ढग फाटून अचानक लख्ख ऊन पडलं. गुरुजी वर्गातून ओरडले, "पडलं रे पडलं!" आणि घंटासुद्धा न देता सगळी शाळा बाहेर. पोरं शर्ट काढून ओळीनं मैदानावर बसली. नेमकी त्याच वेळी आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या साहेबांची जीप फाटकात शिरली. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? गुरुजी पंचा सावरत म्हणाले, "साहेब, भूगोलाचा तास आहे. विषय सूर्य." साहेब हसले आणि चहा पिऊन गेले. मुख्याध्यापक पुढे आठवडाभर गुरुजींशी बोलले नाहीत.

"ऊन फुकट आहे ना, म्हणून तुम्हाला त्याची किंमत नाही बाई," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हटलं असतं.

त्यांना मूल एकच. सोनी. मी गेले तेव्हा पहिलीत होती, बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची. तिच्याही मानेवर आणि दंडांवर तसेच चट्टे उगवायला लागले होते. झालं! गुरुजींनी आपल्या पोत्याशेजारी तिचं छोटं पोतं मांडलं. रोज सकाळी बाप-लेक शेजारी शेजारी. सुट्टीच्या दिवशी तर किती वेळ. ती पाढे म्हणायची, ते चुका काढायचे. ऊन सरकलं की पोतं सरकायचं. पोर कंटाळायची, पाय झाडायची, पण बापाचा शब्द मोडायची नाही.

वहिनी चुलीपाशी धुसफुसायच्या. "बाय, तुम्ही तरी सांगा ना त्यांला. काळी होल पोर. मंग कोण करल?"

मी सांगितलं. मी काय तोंडाची गप्प बसणारी आहे? "गुरुजी, पोरीला का भाजताय?"

"भाजत नाही. वाळवतोय. माझं लहानपणी कुणी केलं नाही, म्हणून ते मुरलं. तिचं मी मुरू देणार नाही."

हे ते इतक्या मायेनं म्हणाले की पुढे माझं तोंड उघडलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या कपाळाच्या उजव्या बाजूला, केस सुरू होतात तिथं, एका चट्ट्यावर खपली धरली. मग ती पडली, खालून ओलं दिसायला लागलं, पुन्हा खपली. मी म्हटलं दाखवा कुणाला तरी. म्हणाले, "सुकतंय." दिवाळीच्या आधी विचारलं, "सुकतंय." संक्रांतीला विचारलं, "सुकतंय हो बाई, किती विचाराल!" आणि ते तर वाढत होतं. कडा उचललेल्या, मधे खड्डा, वर फुलकोबीसारखं खरबरीत. त्यावरच जास्त ऊन पडावं म्हणून गुरुजी मान तिरकी करून बसायला लागले. त्याचा वास यायला लागल्यावर पोरांपासून लांब उभे राहून शिकवायला लागले. पुढची दिवाळी जवळ आली तरी 'सुकतंय' चालूच. वहिनी बोलल्या की चिडायचे. माझ्यावरही एकदा असे ओरडले की मी दोन दिवस त्यांच्याकडे पाणी भरायला गेले नाही.

त्याच सुमारास जव्हारला त्वचारोगाचं शिबिर लागलं. नाशिकहून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. गुरुजी स्वतःसाठी गेलेच नव्हते हं, वसतिगृहाची काही पोरं घेऊन गेले होते, मीही होते. रांग बाहेर मैदानात. गुरुजी सवयीनं रांग सोडून उन्हात उभे. डॉक्टरीणबाईंनी एक पोर तपासता तपासता सहज वर बघितलं, आणि हातातलं तसंच टाकून उठल्या. सरळ गुरुजींपाशी आल्या.

"आधी सावलीत या."

गुरुजी हसले. "मला काही नाही झालं. पोरांना बघा."

"सावलीत या म्हणते ना मी!"

एवढीशी पोरगी, पण आवाज असा की गुरुजी मुकाट्यानं आत गेले. तिनं बाह्या वर करायला लावल्या, कपाळ बघितलं, मान बघितली. कधीपासून? जन्माचंच म्हणा. भावंडं? बहीण आहे, तिला काही नाही. थोरला भाऊ होता, त्याच्याही अंगावर असंच होतं, गेला. कशानं? नाकावर फोड झालेला, तो चिघळत गेला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी काय. आणि मग तिनं विचारलं, "आईवडील नात्यातले होते का?"

"आई म्हणजे बाबांच्या मामाचीच मुलगी. आमच्यात तशीच रीत. मीसुद्धा मामाचीच केली," गुरुजी अभिमानानं म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी लिहायचं थांबवलं होतं.

कपाळावरच्या जखमेचा तुकडा काढून तपासायला नाशिकला जावं लागलं. निकाल सांगायला बोलावलं तेव्हा दिवाळीची सुट्टी चालू होती. वहिनींनी मला गळ घातली. "तुम्ही जा त्यांचे संगं. काय समजला तरी ते माना सांगणार नाय." मग मी गेले.

त्या दिवशी जे ऐकलं ते आजही शब्दन् शब्द आठवतं. कॅन्सर. कातडीचा. तो शब्द मी इतका अचानक ऐकला की मी डॉक्टरीणबाईंनाच म्हटलं, "अहो, शिबांचा कुठे कॅन्सर होतो?"

"ती शिबं नाहीतच," त्या म्हणाल्या. "त्या चामखिळी आहेत."

चामखीळ विषाणूनं येते, हेच मला ठाऊक नव्हतं. त्या समजावत गेल्या. या विषाणूच्या पुष्कळ जाती. त्यातल्या काही तुमच्या-माझ्या कातडीवरही असतील, आपल्याला पत्ताही नाही, कारण आपलं शरीर त्यांना डोकं वर काढू देत नाही. गुरुजींच्या शरीरात ते दाबून धरणारं काहीतरी जन्मापासूनच नाही. अशी खोट आईकडून एक आणि वडलांकडून एक, दोन्हीकडून आली तरच हे होतं. नात्यात लग्नं झाली की दोन्हीकडून येण्याची भीती वाढते. फार क्वचित सापडणारा आजार, पण आहे.

गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "माझ्यामुळे शाळेतल्या पोरांना लागलं असेल का?"

"नाही. त्यांना यातनं काही होत नाही."

गुरुजींनी मोठा श्वास सोडला. हातरुमालानं मान पुसली. मला वाटलं, चला, सगळ्यात वाईट ते ऐकून झालं.

"आता ऑपरेशन करून हे काढू. पण एक गोष्ट आजपासून कायमची बंद," बाई म्हणाल्या. "ऊन. हा विषाणू कातडीत असतो आणि ज्या भागावर वर्षानुवर्षं ऊन पडतं, तिथंच मुख्यतः त्याचा कॅन्सर होतो. म्हणून कपाळावर झाला. भावाला नाकावर. तुम्ही उन्हात कितीसे असता?"

गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. काय सांगणार होते मी? आयुष्यभर ज्याला हा माणूस औषध म्हणत आला, तेच?

मग गुरुजी अगदी हळू म्हणाले, "माझी पोरगी बसते. माझ्याशेजारी. रोज."

"तिच्या अंगावर आहेत?"

ते उठलेच. खुर्ची मागं पडली. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, थांबा, घाबरू नका, ती लहान आहे, आत्तापासून जपलं तर पुष्कळ काही टाळता येईल, तिला घेऊन या. ऐकतंय कोण! ते दारापर्यंत पोचले होते.

"गुरुजी, थांबा तरी!"

"बाई, आत्ता ती खळ्यावर बसली आहे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सकाळी पहिल्या गाडीला निघताना मी ऐकलं होतं ना! खळ्यावर भात वाळत टाकलेलं, वहिनी दिवसभर शेतावर जाणार, कोंबड्या हाकलायला सोनी. आणि हे निघता निघता तिला बजावत होते, "मी नाही म्हणून चुकवायचं नाही. मी येईपर्यंत उन्हातून उठायचं नाही."

गावात फोन नव्हता. मोखाड्याला दुकानात एक होता, पण तिथून आमचं गाव कुठे! एसटीत गुरुजी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि सगळा रस्ता खिडकीतून आकाशाकडे बघत राहिले. कुठे ढग आहे का ते बघत होते. कार्तिकातलं स्वच्छ निळं आकाश, ढगाचा ठिपका नाही. ज्या उन्हासाठी हा माणूस शाळा सोडायचा, त्या उन्हाला त्या दिवशी ते तोंडातल्या तोंडात शिव्या देत होते. घरच्या बोलीतल्या शिव्या, मला निम्म्याच कळल्या. त्र्यंबकला गाडी चहाला थांबली तेव्हा त्यांनी कंडक्टरचा हात धरला, "भाऊ, निघा ना, पोर उन्हात आहे." कंडक्टर माझ्याकडे बघून डोक्याला हात लावून विचारायला लागला, यांचं बरं आहे ना? मी त्याच्यावर खेकसले. दिवसभराचा सगळा राग त्या बिचाऱ्यावर काढला.

मी त्यांना समजावलं, एका दिवसानं काय होतंय गुरुजी, डॉक्टरीणबाईही घाबरू नका म्हणाल्या. "एक दिवस नाही हो, बाई," एवढंच ते म्हणाले.

फाट्यावर उतरून ते पळाले. चपला हातात घेऊन. मी मागे.

खळ्यावर भात पसरलेलं होतं आणि कडेला सोनी बसलेली. सकाळी घरापाशी मांडलेलं पोतं सरकत सरकत पूर्वेच्या टोकाला गेलं होतं. घराची सावली खळ्यावर बरीच पुढे आली होती, आणि ही पोर सावली चुकवून, जिथं ऊन उरलं होतं तिथं, मान वर करून बसली होती. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. बापाला बघून हसली.

"बाबा, मी उठली नाय. तू बोललास ना, येस्तवर उठायचा नाय."

गुरुजींनी अंगातला सदरा काढला आणि तिच्यावर टाकला. डोक्यावरून, तोंडावरून, सगळीकडून. तिला तसंच उचललं आणि घरात नेलं. दार लावून घेतलं. आतून त्यांचा रडण्याचा आवाज आला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. सोनी विचारत होती, "बाबा, माझा काय चुकला?"

कोंबड्या भातावर तुटून पडल्या होत्या. मी हाकलल्यासुद्धा नाहीत.

त्यानंतरचे गुरुजी म्हणजे निराळाच अवतार. पूर्वी वेडे होते ते एका बाजूनं, आता दुसऱ्या. त्यांनी घरापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून रस्त्यापर्यंत बांबूचा मांडव घातला, वर सागाची पानं. पानं सुकली की नवी. खळ्यावर मांडव. परसात मांडव. सोनी शाळेला निघाली की काळी छत्री तिच्या डोक्यावर धरून हे शेजारून चालणार, स्वतःच्याही डोक्याला उपरणं. कडक थंडीतसुद्धा. पोरं त्यांना छत्रीमास्तर म्हणायला लागली. गावातली माणसं हसायची, विशेषतः ज्यांना त्यांनीच उन्हात बसवलं होतं ती. गुरुजी दारोदार गेले आणि सांगून आले, "तुम्ही बसा, तुम्हाला काही होत नाही. आमचं निराळं आहे." अंथरुणं मात्र वसतिगृहात रोज उन्हात पडायचीच. त्यात त्यांनी खंड पडू दिला नाही.

ऑपरेशनात कपाळाचा मोठा तुकडा काढला आणि तिथं मांडीची कातडी लावली. "आता डोक्याला मांडी आहे, बसून विचार करतो," हे मला त्यांनी दवाखान्यातच ऐकवलं. मी हसले आणि बाहेर येऊन रडले.

दर रविवारी दार लावून वहिनी सोनीचं सगळं अंग बघायच्या. कानामागं, मानेखाली, बोटांच्या बेचक्यात. त्या बिचारीला एकच घोर. "म्हंजी आमचे लग्नानाच झाला ना हा, बाय?" मी म्हणायची, कुणाला ठाऊक होतं? सोनी मोठी झाल्यावर गुरुजींच्या बहिणीनं आपल्या मुलासाठी तिला मागितलं, रीतच ती. गुरुजींनी साफ नाही म्हटलं. कारण सांगितलं, पण बहिणीला ते पटेना. ज्या माणसानं स्वतः मामाची मुलगी केली तो आपली पोरगी भाच्याला देत नाही, म्हणजे मास्तरकीचा माज, असं म्हणून ती गेली ती पुन्हा त्या दारात आली नाही. गुरुजी पुढे कितीतरी दिवस जेवले नाहीत नीट. पण शब्द मागं घेतला नाही.

कपाळाचं बरं झालं, तर कानावर निघालं. ते काढलं, मग मानेत गाठी आल्या. गुरुजी गेले तेव्हा माझी बदली सिन्नरला झालेली होती. निरोप मिळाला आणि मी पोचले तोवर दुपार झालेली. त्यांना खळ्यावर ठेवलं होतं, त्यांनीच घातलेल्या मांडवाखाली. वरची पानं ताजी होती. सोनीनं आदल्या दिवशी बदलली म्हणे.

मध्यंतरी काही वर्षं गेली. एका लग्नासाठी मी जव्हारला आले होते. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभी, भर दुपार, आणि गर्दीत एक काळी छत्री दिसली. तिच्याखाली लांब बाह्यांचा कुडता, गळ्यापर्यंत ओढणी. मी ओळखलंच. सोनी आता पंचायत समितीत क्लार्क आहे. पायाला हात लावायला वाकली, मी तिला वरच्या वर धरलं, आणि तेव्हा डाव्या डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडावर, मला ते दिसलं. मुगाएवढं. वर खपली.

इतकं जपून? इतक्या छत्र्या, इतके मांडव करून? लहानपणीची ती वर्षं कुणी परत घेऊ शकलं नाही, तीच ही वर आली. मी तिचा हात घट्ट धरला आणि भलतंच बोलून गेले, "हे बघ सोने, सुकतंय म्हणू नकोस मला."

"नाही बाई," ती म्हणाली. "वाढतंय. आईनं या रविवारी बघितलं. म्हणून तर नाशिकला चाललेय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लवकर सापडलंय. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, एवढंसं असताना काढलं की बाबांसारखं होत नाही."

नाशिकची गाडी लागली. माझी सिन्नरची तिच्यामागेच उभी होती. सोनीनं दारात छत्री मिटली आणि कंडक्टरला विचारलं, "मामा, जाताना ऊन कुठल्या बाजूला येईल?"

त्यानं उजव्या बाजूला हात केला. सोनी डावीकडच्या सीटवर बसली. मी तिच्यामागोमाग चढले आणि खिडकीकडे स्वतः बसले.